एकवीस महिन्यांच्या लेकीला घेऊन समुद्रावर चार दिवस: जावं की थांबावं?

चिमणपाखरू

नमस्कार मंडळी. मुलगी एकवीस महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात चार दिवस समुद्रावर जायचं चाललंय. मी, नवरा, सासू-सासरे, नणंद आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, किनारा म्हणजे काय, मोठं वाळूचं मैदान, सोडून द्यायचं तिला. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला कशाला उन्हावाऱ्यात न्यायचं, तीन वर्षांची होऊ दे. मी मधल्या मधे लटकलेय.

खरं सांगायचं तर भीती मलाच आहे. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी. घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते, लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली आणि मी शेजारच्या अनोळखी काकूंचा दंडच धरला. त्या काकू हसल्या होत्या, मला अजून हसू येत नाही.

आमची बाई सध्या दिसेल ते तोंडात घालते. डोक्यावरून पाणी घेतलं की घर डोक्यावर घेते. दुपारी साडेबाराला झोपली नाही तर संध्याकाळी कोणाचंच काही खरं नसतं. टोपी डोक्यावर तीन सेकंद टिकते (मोजलेत). सनस्क्रीन एवढ्या लहान मुलांना चालतं का? पाण्यात डायपरचं काय करायचं? वाळू गिळली तर? हवेने फुगवायची ती बदकाची रिंग नवऱ्याने आधीच आणून ठेवलीय, ती न्यावी का? आणि मुख्य म्हणजे, एवढं सगळं करून आपल्याला सुट्टी मिळते का, की घरचीच कामं वाळूत बसून करायची?

---

रिकामटेकडा

जा. वाळू खाईल. दुसऱ्या दिवशी डायपरमध्ये परत मिळेल. शुभेच्छा.

---

दुसरीपाळी

रिकामटेकडा यांनी वाळूचा प्रश्न निकालात काढलाच आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. चिमूटभर वाळू गिळल्याने बहुतेक वेळा काही होत नाही. चूळ भरता येत नसेल तर ओल्या फडक्याने तोंड पुसून घे. फक्त मूठभरून खाते का यावर लक्ष ठेव, आणि शिंपले-खडे तोंडात जाऊ देऊ नकोस, ते घशात अडकतात.

मी दोन मुलांना घेऊन आतापर्यंत सहा वेळा गेलेय. पहिली खेप सगळ्यात वाईट झाली, तिच्याबद्दल सांगते, कारण तू जे विचारलं नाहीस तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

थोरला दोन वर्षांचा होता. आम्ही नऊ मोठी माणसं. ओहोटी लागली होती आणि मागे एक डबकं राहिलं होतं, माझ्या पोटरीच्याही खाली पाणी. लाटा नाहीत, पाणी कोमट, तळाला मऊ वाळू. लहान मुलासाठी याहून चांगली जागा नाही असं मीच म्हटलं होतं. तो बादली घेऊन बसला. आम्ही सगळे त्याच्याभोवतीच, दहा-बारा पावलांच्या आत. कोणी फोटो काढत होतं, कोणी चटई झटकत होतं, मी पिशवीत त्याचा टॉवेल शोधत होते. माझ्या जाऊबाईंचं लक्ष गेलं ते बादलीकडे. बादली तरंगत होती आणि शेजारी तो बसलेला दिसत नव्हता. तो पालथा पडला होता, तोंड पाण्यात. हातपाय झाडणं नाही, ओरडणं नाही, पाणी उडणं नाही. जाऊबाईंनी खेचून उचलला तेव्हा आधी एक विचित्र शांतता, मग खोकला, मग रडणं. ते रडणं मला आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात गोड वाटलं. डॉक्टरांनी तपासलं, काही तास तिथेच बसवून ठेवलं, घरी सोडलं. सगळं नीट झालं.

त्या रात्री आम्ही कोण काय करत होतं ते एकमेकांना विचारत बसलो. नऊच्या नऊ जणांना वाटत होतं की दुसरं कोणीतरी बघतंय. माणसं जेवढी जास्त तेवढं लक्ष कमी, हे गणित मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पाच मोठे आहात, म्हणून सांगते.

तेव्हापासून आमच्याकडे लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर टोपी तो ड्यूटीवर. फोन पिशवीत, पुस्तक पिशवीत, गप्पा मारल्या तरी डोळे पोरावर. पोर पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल तर हात लांब केला की लागलं पाहिजे, एवढं अंतर. वीस मिनिटं झाली की टोपी दुसऱ्याला, आणि देताना तोंडाने म्हणायचं: "आता तू." समोरच्याने म्हणायचं: "हो, मी." नुसतं "जरा बघ हं" चालत नाही. पहिल्या दिवशी नाटक वाटतं, दुसऱ्या दिवशी सवय होते. आणि गंमत अशी की ज्याच्या डोक्यावर टोपी नाही तो खरोखर सुट्टीवर असतो. आडवा होऊन डोळे मिटू शकतो. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझ्याकडे हेच उत्तर आहे. टोपीच्या आधी मी चारही दिवस अर्धी ड्यूटीवर होते, म्हणजे धड पोराकडे नाही आणि धड समुद्राकडे नाही.

आता बाकीचं.

वेळ: तिची साडेबाराची झोप मोडू नकोस, दिवस तिच्याभोवती बसव. आम्ही सकाळी सातला वाळूवर आणि साडेनऊ-दहाला परत खोलीत. आंघोळ, जेवण, झोप. पुन्हा साडेचारनंतर. मधल्या वेळात ऊन सगळ्यात कडक असतं, त्यामुळे आपलं काहीच हुकत नाही. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की उठायचं. ढगाळ हवेवर विसंबू नकोस, पातळ ढगातून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. छत्रीखाली बसवलं तरी वाळूवरून किरण उसळून येतात, म्हणून सावलीतसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे.

सनस्क्रीन: सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना लावण्यापेक्षा सावलीतच ठेवतात. तुझी मुलगी मोठी आहे, तिला चालतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं), झिंक ऑक्साइडवालं मिळालं तर लहान कातडीला बरं. जायच्या आठवडाभर आधी मनगटावर थोडं लावून बघ, पुरळ उठत असेल तर घरीच कळू दे. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आली की पुन्हा. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो. माझ्या धाकटीची पावलं भाजली होती, चपलेच्या पट्ट्यांचा ठसा दोन महिने होता.

टोपी: हनुवटीखाली बंद असलेली घे आणि आतापासून घरात घालायला लाव. आधी तू घाल, मग बाहुलीला, मग तिला. समुद्रावर पहिल्यांदा घातलीस तर तीन सेकंदच.

डायपर: साधा डायपर पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो. पोहण्याचे वेगळे मिळतात, पण ते फक्त शी अडवतात, शू धरत नाहीत. म्हणून ते पाण्यात उतरायच्या अगदी आधी घालायचे. गाडीत घातलेस तर सीट भिजेल. ओली वाळू जांघेत घासून लाल होते, तेव्हा बाहेर आली की साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून मलम. मी दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून नळाचं पाणी नेते, हाताशी शॉवर होतो. ती बाटली सावलीत ठेव, उन्हात पाणी चटका बसेल एवढं तापतं. डोळ्यात वाळू गेली तरी याच पाण्याने धुवायचं, चोळू द्यायचं नाही.

बदक: घरच्या टबात चांगलं दिसेल.

---

निवांतबाबा

वरचा प्रतिसाद वाचून मला वाटलं मी एखाद्या मोहिमेची पूर्वतयारी वाचतोय. मुलांना थोडं मोकळं सोडावं हो. आम्ही लहानपणी दिवसभर उघडे-नागडे उन्हात असायचो, कोणी क्रीम लावलं नाही आणि आमच्यावर टोपी घालून पहारा पण नव्हता. आईबापांच्या भीतीनेच मुलं घाबरट होतात.

तुमच्या मिस्टरांशी मी सहमत. मैदानच आहे ते.

---

शिट्टी

मी सात वर्षं किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम केलंय, म्हणून निवांतबाबांना उत्तर देतो. राग नाही, दादा. वाळूवर मोकळं सोडायला माझी काहीच हरकत नाही, पोरं चिखलात लोळली पाहिजेत. पण मैदान रोज दोनदा पाण्याखाली जात नाही.

बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून हाका मारत नाही. श्वास घ्यायचीच मारामार असते, ओरडायला हवा कुठून आणणार? हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. सात वर्षांत मी ज्यांना ओढून काढलं त्यातल्या बहुतेकांच्या घरचे काही पावलांवर होते आणि त्यांना मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. दुसरीपाळी ताईंनी लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, डबक्याचं तर जास्तच. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, पालथं पडलं की उचलता येत नाही. काही इंच पाणी पुरतं.

आता समुद्राबद्दल, कारण तो कोणी समजावून सांगत नाही.

लाटा फुटतात तिथे पांढरा फेस दिसतो. त्या फेसाच्या मधेच एखादी पट्टी गुळगुळीत, गडद, शांत दिसते. घरची माणसं बरोबर तिथेच मुलांना घेऊन उतरतात, कारण तिथे लाट नाही. ती शांत जागा नाही, तो परतीचा रस्ता आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथून आत परत जातं, आणि त्याला एवढी ओढ असते की चांगला पोहणारासुद्धा उलट पोहून दमतो. लहान मुलाला घेऊन तर लाटा छोट्या, सलग फुटतायत अशीच जागा निवडा. मोठ्यांपैकी कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमेल तर किनाऱ्याला समांतर सरकून फेसाकडे यायचं. आणि दुसऱ्याने मागून उडी घ्यायची नाही. बॉल, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. एकाला वाचवायला गेलेला दुसरा, ही गोष्ट मी जास्त सांगणार नाही.

लाल-पिवळा झेंडा दोन ठिकाणी लावलेला दिसेल. त्या दोघांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकाची नजर असते. नुसता लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका. दोन लाल म्हणजे पाणी बंदच. पोचल्या पोचल्या जीवरक्षकाला जाऊन विचारा, "आज कुठे बसू?" आम्हाला तो प्रश्न फार आवडतो आणि फार कमी लोक विचारतात.

बदकाबद्दल ताई एका ओळीत बोलल्या, मी दोन ओळी जास्त बोलतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं, बघून मोह होतो. त्याच दिवशी हवेची बदकं, गाद्या, मगरी आत जातात, आणि माणूस पोहतो त्याहून जलद जातात. दंडाला लावायचे फुगेसुद्धा खेळणी आहेत, लाइफ जॅकेट नव्हेत.

कपड्यांचा रंग. निळा, पांढरा, राखाडी पाण्यात विरघळतो. भडक नारिंगी नाहीतर भडक गुलाबी घ्या, जितका डोळ्यांना टोचेल तितका चांगला. रोज सकाळी निघताना मुलीचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवलं तर घाबरलेल्या आईला पोराच्या चड्डीचा रंग आठवत नाही, मी पाहिलंय. हातात पट्टा बांधून त्यावर फोन नंबर लिहा. आणि मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघायचं, मग दुकानं, मग गाडी. एकाने बसल्या जागीच थांबायचं, एकाने सरळ आमच्याकडे पळायचं. "आधी आपण शोधू, मग सांगू" असं म्हणू नका.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा. ओहोटीच्या तळापासून भरती पूर्ण व्हायला साधारण सव्वासहा तास, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे काल सातला सापडलेलं डबकं आज सातला सापडेलच असं नाही. पाणी सुरुवातीला हळू चढतं, मधल्या दोन तासांत भरभर चढतं. सपाट किनाऱ्यावर तर पिशव्या, चपला, झोपलेले काका, सगळ्यांना गाठतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी वर जास्त येतं आणि आत जास्त जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. लहान मूल घेऊन जाणाऱ्याने तारखा मोकळ्या असतील तर भांगाचे दिवस धरावेत, असं माझं मत.

खड्डे खणा, पण पोराच्या गुडघ्याहून खोल नको. वाळूच्या भिंती सूचना देऊन ढासळत नाहीत. उठताना बुजवून या.

आणि कोणी बुडता बुडता वाचलं तर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायच्या फंदात पडू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, आणि ते शिकून यायचं असतं, तिथे उभं राहून फोनवर वाचायचं नसतं. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण असतं. घरातल्या एकाने तरी करा.

---

निवांतबाबा

शिट्टी साहेब, मैदानाचा शब्द मागे घेतो. क्रीमचा नाही.

---

आजीबाई

मी आजीच्या बाजूने लिहिते, कारण या चर्चेत सासूबाई आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

चिमणपाखरू बेटा, टोपीची कल्पना छान आहे. पण ती टोपी सासूबाईंच्या डोक्यावर ठेवण्याआधी त्यांना ओल्या वाळूत दहा पावलं पळायला सांग. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. जमिनीवर बसले तर उठायला एक हात आणि दोन मिनिटं लागतात. माझ्या मुलाने मला मोठ्या विश्वासाने नातवाजवळ बसवलं आणि दोघं लांब फिरायला गेले. नातू पाण्याकडे निघाला. मी हाका मारल्या. दोन वर्षांच्या मुलाला हाक म्हणजे पाठलागाचं आमंत्रण, तो हसत हसत जास्तच पळाला. एका अनोळखी मुलीने त्याला धरलं. मी मुलाला काही बोलले नाही, पण रात्रभर छातीत धडधडत होतं.

तर आम्हाला पाण्याजवळची पाळी देऊ नका. लांब, सावलीत, पाठ टेकायची खुर्ची द्या आणि वाळूतली पाळी द्या, तीही पोर आणि पाणी यांच्यामध्ये दुसरं कोणीतरी असताना. खोलीतली दुपारची पाळी आनंदाने घेऊ. तुम्ही दोघं तेव्हा बाहेर जा, मूल झोपलेलं असतं आणि आम्हालाही आडवं व्हायचं असतं.

खोलीवरून आठवलं. पोचल्यावर पिशव्या उघडायच्या आधी खोलीत पोराच्या उंचीवर बसून फिर. बाथरूममधली भरलेली बादली रिकामी कर. बाल्कनीच्या गजांतून डोकं जातं का बघ, आणि खुर्ची कठड्यापासून लांब ओढ. पोहण्याचा तलाव असेल तर खोलीचं दार सरळ तिकडे उघडणारं नसावं. समुद्राला सगळे घाबरतात, बादलीला कोणी घाबरत नाही.

---

पाचवाकोपरा

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लॉगिन केलं. दोन मोठ्यांनी पोराचे दोन हात धरून लाट आली की उचलायचं, "हुप्पा!" सगळे करतात. आम्हीही केलं. भाचीचा डावा हात एकदम लुळा पडला, कोपरात किंचित वाकवून धरून बसली आणि हलवू देईना. कोपराचं हाड जागचं निसटलं होतं. साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हात खेचल्याने हे सहज होतं. डॉक्टरांनी हात वळवला, बारीकसा 'टक' झाला आणि पाच मिनिटांत ती त्याच हाताने माझे केस ओढत होती. पण ते डॉक्टर सापडेपर्यंतचा दीड तास विचारू नका. उचलायचं तर काखेत हात घालून उचला.

आणि जेलीफिश डसला तर गोडं पाणी ओतायचं नाही, वाळूने घासायचं नाही, आणि तो दुसरा प्रसिद्ध उपाय, म्हणजे वर शू करणं, तर मुळीच नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. लहान मुलाच्या बाबतीत गरम पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघा. श्वास लागला, सूज पसरली किंवा मूल मलूल झालं तर थेट दवाखाना.

---

चिमणपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. आजीबाई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, शहाणी बाई आहे," आणि यायला तयार झाल्या. शिट्टी दादा, नवऱ्याने तुमचं वाचून बदक गुपचूप माळ्यावर टाकलं. दोन शंका राहिल्यात. बाबागाडीवर ओढणी टाकून सावली केली तर चालेल ना? आणि ती लाटांना घाबरून रडायलाच लागली तर? चार दिवस रडण्यात जायचे.

---

दुसरीपाळी

ओढणी नको ग. आत हवा कोंडते आणि बघता बघता भट्टी होते, बाहेरून कळतही नाही. छत्री अडकव, किंवा ते झटकन उघडणारे तंबू मिळतात त्यातला दोन्ही बाजूंनी वारा जाणारा घे.

रडली तर रडू दे, फक्त जवळ नेऊ नकोस. धाकटीला लाटांचा आवाजच सहन होत नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही पाण्यापासून पंचवीस-तीस पावलं लांब बसलो, तिची पाठ समुद्राकडे. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मागे वळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बादलीत समुद्र आणून दिला, त्यात पाय घातले. चौथ्या दिवशी निघायच्या अर्धा तास आधी तिला पाण्यात जायचं होतं आणि बाहेर यायचं नव्हतं. उचलून लाटेत नेऊन "बघ, काही होत नाही" करणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

पाणी पाजत राहा, मागायची वाट बघू नकोस. शू नेहमीपेक्षा कमी वेळा झाली, ओठ सुकले, रडताना डोळ्यात पाणी नाही, तर उठून सावलीत. ओआरएसची पाकिटं बरोबर असू दे.

---

चिमणपाखरू

आलो कालच. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय, कपडे अजून बादलीतच आहेत.

पहिल्या दिवशी बाई लाटांना घाबरल्या नाहीत, वाळूला घाबरल्या! पाय टेकवेचनात. माझ्या गळ्यात माकडासारखी लटकून दोन तास. हे कोणीच सांगितलं नव्हतं. मोजे घालून उभी केली, मग एक मोजा निघाला, संध्याकाळी दुसरा. दुसऱ्या दिवशी वाळू खाल्ली, रिकामटेकडा यांचं भाकीत खरं ठरलं. टोपी शेवटपर्यंत अकरा मिनिटांच्या वर टिकली नाही, पण तीन सेकंदांवरून आलो.

लाल टोपी आमच्याकडे पिवळी होती. सगळ्यात मनापासून ती पाळली सासऱ्यांनी. वीस मिनिटं झाली तरी देईनात, म्हणे तुम्ही दोघं नीट बघत नाही. नवरा पहिल्या दिवशी टोपी घालून फोन काढायला गेला तर नऊ वर्षांच्या भाच्याने त्याला सगळ्यांदेखत पकडलं. मग भाच्यालाच आम्ही तपासनीस केलं, त्याचेही चार दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आजीपाशी झोपली असताना मी एकटी पाण्याकडे गेले. झेंड्यांच्या मधे घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. वाळू सरकली. शेजारी काकू नव्हत्या. उभी राहिले.

आता एकच अडचण. त्या झटकन उघडणाऱ्या तंबूची घडी कोणाला येते का? आम्ही चौघांनी मिळून प्रयत्न केला, सासऱ्यांच्या कानशिलात बसली. गाडीत तो उघडाच आणला आणि नणंद अख्खा प्रवास त्याच्या आत बसून आली.

---

शिट्टी

दोन टोकं एकत्र आणून उभा धरा, वरचं टोक पुढे वाकवून जमिनीकडे दाबा आणि मधे आठाच्या आकड्यासारखा पीळ येऊ द्या. मग कड्या एकावर एक बसतात. इंग्रजी आठ हं. मराठी आठाचा प्रयत्न केलात तर पुन्हा कानशिलात बसेल.